पूर्वेच्या सोंडेवरचा बहावा

निवृत्तीला सात महिने राहिले असताना माणसानं नवं काही अंगावर घेऊ नये, हे मला कळत होतं. पण पालिकेच्या नोकरीत आपण काही घेत नसतो. ते आपोआप अंगावर येऊन पडतं, आणि पावती आपल्या नावानं फाटलेली असते.

वडजाई टेकडी उद्यानाची फाइल माझ्या टेबलावर आली तेव्हा फेब्रुवारी चालू होता आणि खिडकीतून सगळी टेकडी गुलाबी दिसत होती. या दिवसांत लोक गच्चीवर जाऊन तिचे फोटो काढतात, पाहुण्यांना दाखवतात. "पूर्वी नुसती बोडकी होती हो, आता बघा!" त्या बोडक्या टेकडीवर पावसाळा सरताना चाळीसेक जातींचं गवत आणि शंभरावर जातींची रानफुलं असायची, हे सांगायला मी पहिली काही वर्षं तोंड उघडत असे. लोक ऐकून घेत आणि विचारत, "पण मॅडम, सावली कुठं होती?" नंतर मी नाद सोडला.

गुलाबी फुलतं ते झाड गिरिपुष्प. मूळचं मध्य अमेरिकेतलं. फांदी खोचली की झाड होतं. पाणी मागत नाही, शेळी तोंड लावत नाही, वणव्यात होरपळलं तरी बुंध्यातून पुन्हा फुटतं. वृक्षारोपणाच्या अहवालात 'जगलेली झाडे' असा एक रकाना असतो. टेकडीच्या खडकाळ मातीत देशी रोपं लावली की तो रकाना साहेबांपुढं धरायची लाज वाटते. गिरिपुष्प लावलं की तो आपला भरतो. एकोणतीस वर्षांपूर्वी, दोन हजार बारा साली, पहिल्या दोनशे रोपांच्या मंजुरीवर सही माझीच आहे. मी नवी होते, साहेबांना रकाना भरलेला हवा होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी कुणाला फार शहाणी वाटायला नको.

त्यानंतरची झाडं मात्र पालिकेची नाहीत. ती 'पहाटमित्र' मंडळाची, म्हणजे माझ्या नवऱ्याची. हेमंत आणि मी कृषी महाविद्यालयात एका वर्गात होतो. मी उद्यान विभागात आले, तो बँकेत गेला, पण माती त्याच्या हातातून सुटली नाही. रोज सकाळी साडेपाचला पंचवीस-तीस जणांना घेऊन तो टेकडी चढतो, प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली. गावात एक रीत पडली ती यांच्यामुळं. घरात कुणी गेलं की रक्षा नदीत सोडायची नाही. टेकडीवर खड्डा काढायचा, रक्षा त्यात घालायची, वर झाड लावायचं आणि पायथ्याशी नाव रंगवलेला दगड ठेवायचा. नदी स्वच्छ राहते आणि मागं राहिलेल्याला जायला एक जागा होते. चांगली रीत आहे. मला आजही ती चांगलीच वाटते. फक्त झाड कुठलं लावायचं? जे हमखास जगेल ते. आईच्या नावाचं झाड मे महिन्यात वाळलेलं कुणाला बघवणार? म्हणून सगळ्यांनी गिरिपुष्पच लावलं. आज टेकडीवर दोन हजार तीनशे झाडं आहेत आणि त्यातल्या सहाशेंखाली कुणाची ना कुणाची राख आहे.

आमच्या शर्वरीचं झाड पूर्वेच्या सोंडेवर आहे, जोडखडकाच्या डाव्या हाताला, एकटं. ती एकोणिसाव्या वर्षी डेंग्यूनं गेली. चार दिवस आजारी होती. त्याला अकरा वर्षं झाली. तिच्यासाठी मी गिरिपुष्प लावू दिलं नव्हतं. रोपवाटिकेतून बहाव्याचं रोप निवडून आणलं, हेमंतनं खड्डा काढला, मी रोप धरलं, त्यानं माती लोटली. त्यानंतर मी त्या सोंडेवर पाऊल ठेवलेलं नाही. गुडघ्यांचं कारण सांगते आणि तपासणीला त्या बाजूला सहायकाला पाठवते. हेमंत मात्र रोज जातो. शर्वरी कॉलेजला न्यायची ती निळी बाटली भरून नेतो आणि रिकामी करून आणतो. आणि झाड फुलायच्या वयाचं झालं तेव्हापासून, गेली सहा वर्षं, दर मे महिन्यात बहाव्याचा पिवळा घोस आणून तिच्या फोटोपुढं ठेवतो. "आपल्या झाडाचा," म्हणतो. अकरा वर्षांत एवढंच आम्ही त्या झाडाबद्दल बोललो आहोत.

फाइलीत जे आलं होतं त्याचं नाव 'निवड'.

ते समजावायला ही फवारणी बनवणाऱ्या कंपनीकडून तन्वी कोळेकर आली होती. चाळिशीला टेकलेली, सावळी, शांत बाई. तिच्या बोलण्यात जाहिरात नव्हती, म्हणून मी ऐकलं. ती म्हणाली, प्रत्येक पेशीत जनुकं असतात, पण जनुकं स्वतः काम करत नाहीत. ती चिठ्ठ्या पाठवतात. त्या चिठ्ठ्या म्हणजे आरएनए. 'हरितद्रव्य बनवा' अशी चिठ्ठी निघाली की पान हिरवं होतं. आता त्या चिठ्ठीला बरोबर जुळणारी उलटी चिठ्ठी आपण बाहेरून पेशीत घातली, तर दोन्ही एकमेकींना चिकटतात आणि पेशीला ते काहीतरी परकं वाटून ती दोन्ही फाडून टाकते. हरितद्रव्य बनत नाही. पान पिवळं पडतं आणि झाड उपाशी मरतं. प्रत्येक जातीची चिठ्ठी थोडी वेगळी असते, त्यामुळं गिरिपुष्पासाठी लिहिलेली उलटी चिठ्ठी शेजारच्या गवताला, बोरीला, कशालाच लागू होत नाही. तांदळातून खडे निवडावेत तसं.

"आणि ही चिठ्ठी झाडाला पोचवणार कोण?" मी विचारलं.

"बुरशी. मुळांवर राहणारी. एका मुळावरून दुसऱ्या मुळावर ती आपोआप जाते. तिला लागणारं एक द्रव्य आम्ही फवाऱ्यातूनच देतो, ते जमिनीत मिळत नाही. नव्वद दिवसांत ती संपते. शेतांपर्यंत जात नाही."

"एखादं झाड वगळायचं असेल तर?"

तन्वीनं मान हलवली. "मॅडम, तिला जात कळते. हे झाड कुणाचं, ते नाही कळत. सगळ्यांची मुळं एकमेकांत गेलेली आहेत."

एवढा खटाटोप कशासाठी, तर खरचुडीसाठी. वडजाईची खरचुडी ही वीतभर उंचीची वेल, हिरवट-जांभळ्या कंदिलाच्या आकाराचं फूल येणारी. फुलाच्या नळीत खाली वळलेले केस असतात. चिलटाएवढी माशी आत शिरते, अडकते, रात्रभर परागात लोळते, आणि सकाळी केस सुकले की सुटून दुसऱ्या फुलात जाते. ही जात जगात फक्त आमच्या टेकडीवर आहे. तिला उघडा खडक, कडक ऊन आणि गरीब माती लागते. गिरिपुष्प पानं गाळून गाळून माती सुपीक करतं आणि सावली धरतं. आपल्याला वाटतं भलं झालं, पण तिचा त्यानंच जीव जातो. मी नोकरीला लागले तेव्हा खरचुड्या चारशेच्या वर होत्या. मागच्या भाद्रपदात मी पश्चिमेच्या कड्यावर गुडघ्यांवर बसून मोजल्या. सतरा होत्या.

सुनावणी टेकडीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाली. नव्वदेक माणसं आली होती. मी खरचुडीचं मोठं चित्र लावलं होतं. कुणीतरी म्हणालं, "हे फूल आहे का? मला वाटलं काजळी धरलेला दिवा."

डांगे काकू पहिल्या रांगेत होत्या. पंच्याहत्तरीच्या, काठी घेऊन चढून आलेल्या. त्यांच्या यजमानांचं झाड टेकडीवरचं सगळ्यात देखणं गिरिपुष्प, बारा वर्षांचं.

"शुभांगी, मला एवढंच सांग," त्या म्हणाल्या. "ते झाड मेलं की मी कुठं जाऊन बसू?"

तन्वी मधे पडली. "काकू, आधी फांदी कापून न्या. घरी कुंडीत लावा, नक्की जगेल."

"आणि यांची राख? तीही कुंडीत नेऊ?"

मागून एक आवाज आला, "मॅडमना काय? त्यांचं झाड बहाव्याचं आहे. देशी. त्यांचं कुठं काय जातंय?" शेडमध्ये कुजबुज झाली. ते खरंच होतं. मी हेमंतकडं पाहिलं. मंडळाचा अध्यक्ष म्हणून तो विरोधाचं पत्र वाचणार होता. तो उठला, पत्र उलगडलं, दोन ओळी वाचल्या आणि खाली बसला. लोकांना वाटलं, बायकोपुढं याचं काय चालणार. मलाही तसंच वाटलं.

नियम असा होता की नोव्हेंबरात ड्रोननं पानांवरून प्रत्येक झाडाची जात ओळखून नकाशा केला होता, तो मी तपासायचा. जागेवर जाऊन, स्वतः पाहून, सही करायची. एकाही झाडाची ओळख चुकलेली निघाली तर परवानगी तीन वर्षं थांबते, कारण जे यंत्र जात ओळखायला चुकतं त्याची चिठ्ठीही भलत्या झाडाला लागू शकते. रास्त नियम आहे. तीन वर्षांत खरचुडी संपली असती, हेही उघड होतं.

मी नकाशा घरीच उघडला, जेवणाच्या टेबलावर, संध्याकाळच्या चहाच्या वेळी. गिरिपुष्पाला लाल ठिपका, बाकी झाडांना निळा. टेकडी गोवर आल्यासारखी दिसत होती. बोट आपोआप पूर्वेकडं गेलं. सोंड, जोडखडक, डाव्या हाताला एकटा ठिपका.

लाल.

मी चष्मा पुसला. नकाशा मोठा केला. तिथं दुसरं झाडच नाही, तेव्हा गोंधळ व्हायला जागा नव्हती. आणि मग मला काय झालं ते सांगते. मला आनंद झाला, इतका की उभी राहिले.

"हेमंत! यंत्र चुकलं!"

तो चहा गाळत होता. "कुठं?"

"शर्वरीच्या झाडाला गिरिपुष्प म्हणतंय! दीड फुटाचं पान असतं बहाव्याचं, तेवढंही कळलं नाही त्याला." मी हसत होते. "आता सगळं थांबतं. डांगे काकूंचं झाड, सगळ्यांची झाडं. तीन वर्षं तरी. मी निवृत्त होईन, पुढचा येईल तो बघेल."

मला वाटलं तो गाळणी टाकून पुढं येईल. त्यानं सगळा चहा गाळला, चोथा टाकला, गाळणी विसळली.

"मग लिहून टाक तसं," तो म्हणाला.

"पाहून लिहावं लागतं."

"तुला काय पाहायचंय? रोप तूच आणलंस. मी रोज जातो. माझं नाव घाल साक्षीला."

"सही माझी आहे. उद्या सकाळी तुमच्याबरोबर येते."

"गुडघ्यांचं काय?"

"गुडघ्यांना काही होत नाही, हेमंत. तुला माहीत आहे."

त्यानं कप माझ्यापुढं ठेवला. त्यात साखर दोनदा पडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मंडळाची माणसं नेहमीच्या वाटेनं गेली, आम्ही सोंडेची वाट धरली. मार्च लागला होता, फुलं संपत आली होती. झाडांखाली वाळलेल्या पानांचा जाड थर, त्यातून गवताची काडी वर आलेली नव्हती. दगडांवरची नावं वाचत मी चढत होते. कै. शकुंतला, कै. बापूराव, एका दगडावर नुसतंच 'बाळ'. हेमंत माझ्या पुढं चालायचा तो आज मागं होता. निळी बाटली त्याच्या हातात होती.

जोडखडक लागला. मी वर पाहिलं.

पायाशी गुलाबी पाकळ्या पडल्या होत्या. तेवढ्यानं कुणालाही कळलं असतं. तरी मी वाकून कोवळी पालवी फुटलेली एक फांदी खाली ओढली, पान तोडलं आणि पर्णिका मोजल्या. तेरा. टोकाला एकटी पर्णिका. बहाव्याच्या पानाला टोकाला जोडी असते, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. मी दुसरं पान तोडलं. अकरा, आणि टोकाला एकटी. मी तिसरंही तोडलं.

"पहिल्याच उन्हाळ्यात गेला," हेमंत मागून म्हणाला. "मेच्या शेवटच्या आठवड्यात. रोज दोन बाटल्या घालत होतो शुभा, मग तीन केल्या. चार दिवस वाट पाहिली. मग नखानं खोड खरवडून बघितलं, आत तपकिरी होतं."

मी तिसऱ्या पानाच्या पर्णिका पुन्हा मोजत राहिले.

"तू तेव्हा जेवत नव्हतीस. अंघोळीलाही मी उठवायचो तुला. तुला कसं सांगणार होतो, की हेही गेलं म्हणून? डांग्यांच्या झाडाची फांदी तोडली आणि त्याच खड्ड्यात खोचली. म्हटलं, तू बरी झालीस की सांगीन. मग तू वर आलीच नाहीस."

"आणि ते घोस?"

"बँकेच्या कोपऱ्यावरचं झाड. टेकडी उतरल्यावर, सकाळी सातला, वॉचमन आत गेला की."

मला राग आला. खूप आला. सहा मे महिने मी त्या घोसाकडं बघून मनात म्हणत होते, चला, एवढं तरी आहे, माझ्या हातानं धरलेलं एक रोप तरी तिच्यापाशी उभं आहे. ते रोप अकरा महिनेही उभं नव्हतं. मी त्याला म्हणाले, "तू मला वेडी समजलास." तो म्हणाला, "नाही. तू मरशील असं वाटलं होतं." ते त्यानं इतक्या साधेपणानं सांगितलं की माझा राग तिथंच बसला. उभं राहायला ताकद लागते, ती रागाला मिळाली नाही. मीही जोडखडकावर टेकले. बुंध्याशी शर्वरीच्या नावाचा दगड होता, नाव अलीकडेच नव्यानं रंगवलेलं दिसत होतं.

त्यानं सवयीनं बाटलीचं झाकण काढलं आणि बुंध्याशी पाणी ओतलं. मग माझ्याशेजारी बसला.

"आता तरी लिही बहावा," तो म्हणाला. "इथं कुणी चढत नाही. तुझ्या सहीवर या जिल्ह्यात कोण शंका घेणार? एक शब्द लिहायचा. सहाशे घरं तुला दुवा देतील. मी नाही म्हणत माझ्यासाठी." थोडा थांबला. "माझ्यासाठीच म्हणतोय."

मी म्हणाले, "चल."

मी त्याला पश्चिमेच्या कड्यावर नेलं. तिथं खडकाच्या कपारीत मी सतरा बांबूच्या काड्या खोचून ठेवल्या आहेत, प्रत्येकीवर पांढरा दोरा. बाकी तापलेला खडक आणि वाळकं गवत. दहा पावलांवर गिरिपुष्पाची नवी रोपं सरकत आलेली.

"इथं काय आहे?" त्यानं विचारलं.

"खरचुडी."

"मला काही दिसत नाही."

"आत्ता नाहीच दिसायची. खाली कंद आहेत. सप्टेंबरात वर येतात, महिनाभर. त्यात मागच्या वर्षी चौदा कमी झाल्या."

"कुणी बघतं तरी का त्यांना?"

"मी बघते."

तो काड्यांकडं पाहत राहिला. मला त्याला समजावून सांगता आलं असतं, की एक जात गेली की ती कुठल्याच रोपवाटिकेत मिळत नाही, की ती माशीही तिच्याबरोबर जाते. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. एकोणतीस वर्षांपूर्वी रकाना भरावा म्हणून मी एक सही केली होती. त्याच टेकडीवर, नसलेल्या बहाव्याच्या नावानं, दुसरी करायची? मला आता ते झेपणार नव्हतं. मी फार थकले होते, आणि खोटं सांभाळायला थकलेलं माणूस चालत नाही. हेमंतनं ते अकरा वर्षं कसं सांभाळलं असेल, याचं मला तेव्हा नवल वाटलं, आणि त्याची दयाही आली.

शेडमधल्या कट्ट्यावर बसून मी तपासणीचा तक्ता उघडला. 'प्रत्यक्ष पाहणीत आढळलेली जात' या रकान्यात गिरिपुष्प लिहिलं. आठवड्याभरात बाकीची तपासणीही पूर्ण केली. एकही ओळख चुकलेली नव्हती. सही केली.

"मला विचारलं नाहीस," हेमंत म्हणाला.

"तूही विचारलं नव्हतंस."

यावर आम्ही भांडलो नाही. भांडलो असतो तर बरं झालं असतं. दोन महिने घरात फक्त 'भाजी काय करू' आणि 'गॅसवाला आला होता' एवढंच चाललं. त्यानं मंडळाचं अध्यक्षपद सोडलं. मे महिन्यात एके सकाळी तो बहाव्याचा घोस घेऊन आला. दारातच थांबला, जणू त्याला आत यायची परवानगी हवी होती.

"बँकेच्या कोपऱ्यावरचा," तो म्हणाला.

मी त्याच्या हातून घोस घेतला आणि शर्वरीच्या फोटोपुढं ठेवला.

जूनच्या शेवटी माती ओली झाल्यावर तन्वीची माणसं आली. फवारणीला दोन दिवस लागले. वास नाही, आवाज नाही, काही झालंय असं वाटलंच नाही. तीन आठवड्यांनी टेकडी फिकट दिसायला लागली. पाचव्या आठवड्यात ती पिवळी पडली, ऐन श्रावणात. बाकीचं सगळं हिरवंगार आणि मधे ही पिवळी टेकडी. लोक आता गच्चीवर जात नसत. बाजारात माझ्याशी बोलणं टाळायचे. भाजीवाली तेवढी म्हणाली, "मॅडम, चांगल्यासाठीच केलं असेल तुम्ही," आणि ते तिनं असं म्हटलं की मी कोथिंबीर न घेता निघाले.

त्या दिवसांत हेमंत रोज सोंडेवर जातच होता. मरणाऱ्या झाडाला पाणी घालत होता. मी त्याला अडवलं नाही, त्याच्याबरोबर जाऊ लागले. एका सकाळी तिथं डांगे काकू बसलेल्या दिसल्या. आपल्या झाडाजवळून काठी टेकत एवढ्या लांब कशा आल्या कोण जाणे. पानं गळून गेलेल्या आमच्या झाडाकडं त्या बघत होत्या.

"अगं, हे पण?" त्या म्हणाल्या. "तुझा तर बहावा होता ना?"

हेमंतनं मान खाली घातली. मीच सांगितलं. बहावा पहिल्याच उन्हाळ्यात गेला, ही तुमच्याच झाडाची फांदी होती, न विचारता तोडलेली.

मला वाटलं आता काकू मला वाट्टेल ते बोलतील, आणि बोलल्या असत्या तरी माझी तक्रार नव्हती. त्यांनी हात लांब करून खोडावर ठेवला.

"म्हणजे आमच्या ह्यांनीच सांभाळलं म्हणायचं तुमच्या पोरीला," त्या म्हणाल्या. "मला माहीत असतं तर इकडंही येत गेले असते."

अकरा वर्षांत मी त्या सोंडेवर रडले नव्हते, कारण मार्चपर्यंत गेलेच नव्हते, आणि नंतर गेले तेव्हाही रडू आलं नव्हतं. त्या दिवशी रडले. काकूंनी मला रडू दिलं आणि हेमंतला म्हणाल्या, "अरे, बसव तिला, उभी काय राहिलीय."

ऑगस्टच्या मध्यात वाळलेली खोडं कापून नेली. दगड मात्र एकही हलवायचा नाही, असं मी आदेशात लिहून घेतलं होतं. सावली गेली तसं जमिनीतून काय काय वर आलं. बरंच फालतू तण होतं, ते आम्ही उपटलं. मग गवत. कुठंकुठं निळी, पांढरी बारीक फुलं. पहाटमित्रांपैकी निम्मे परत यायला लागले. टोप्या घालून यायचे, ऊन लागतं म्हणून कुरकुरायचे आणि आपापल्या दगडापाशी बसायचे. एकानं मला विचारलं, "मॅडम, ह्या गवताचं नाव काय?" या टेकडीवर असा प्रश्न मला पहिल्यांदाच आला. मी नाव सांगितलं. त्याला ते आवडलं नाही. "बरं," म्हणाला.

पश्चिमेच्या कड्यावर सप्टेंबरात एकवीस खरचुड्या वर आल्या. सतराच्या एकवीस. मी दोनदा मोजल्या. हेमंत आणि तन्वीनंही मोजल्या. एकवीस म्हणजे काही वाचली असं नव्हे, पण कमी झाली नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

शेवटच्या दिवशी, तीस तारखेला, सत्कार वगैरे दुपारी होता. सकाळी आम्ही दोघं सोंडेवर गेलो. ऊन नऊ वाजताच चढलं होतं. शर्वरीच्या दगडाशी गवत गुडघाभर आलं होतं. ते मी हातानं बाजूला केलं आणि हेमंतला दाखवलं. जूनमध्ये, फवारणीच्या आधी, मी तिथं कपारीत खरचुडीच्या सहा बिया ठेवल्या होत्या. त्याला सांगितलं नव्हतं. कुठलं रोप जगेल याबद्दल आमच्या घरात आता कुणी आधी बोलत नाही. सहातल्या दोन उगवल्या होत्या. प्रत्येकी दोन पानं, बोटाच्या पेराएवढ्या.

तो खाली बसला. नीट पाहता यावं म्हणून चष्मा कपाळावर सरकवला. मग हात आपोआप बाटलीकडं गेला, झाकण निघालं, बाटली तिरपी झाली.

"हेमंत, नको."

तो थांबला.

"हिला पाणी नाही घालायचं. कोरड्या खडकातली आहे ती. जास्त पाणी झालं की कंद कुजतो."

"थोडंसुद्धा नाही?"

"थेंबभर नाही. पाऊस देईल तेवढंच."

त्यानं बाटली सरळ केली. निळा रंग उडून ती आता पांढुरकी झाली आहे, बुडाशी शर्वरीनं चिकटवलेल्या कसल्यातरी चित्राचा अर्धा कोपरा उरलाय. अकरा वर्षं रोज भरून आणलेली बाटली हातात धरून तो तसाच बसला. आता तिचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं.

"मग हे काय करू?" त्यानं विचारलं.

"मला दे," मी म्हणाले. "तहान लागलीय."

खरंच लागली होती. पाणी त्याच्या हातात कोमट झालं होतं. मी अर्धी बाटली प्याले आणि उरलेली त्याच्याकडं दिली.